गावाने केलेला मेजर

आमच्या भागात सैन्यातून सुट्टीवर आलेल्या कुणालाही 'मेजर' म्हणतात. भरती होऊन वर्ष झालेलं पोरगं असो की पेन्शनीत निघालेला हवालदार, स्टँडवर उतरला की हाक एकच : "काय मेजर, किती दिवस सुट्टी?" म्हणणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही आणि ऐकणाराही सवयीनं हसतो. आमचे काका मात्र या हाकेला कधी मोकळेपणी ओ देत नसत. शिपाई म्हणून गेले, सुभेदार म्हणून परतले. मधल्या काळात अधिकारी होण्यासाठीच्या पाच दिवसांच्या निवड चाचणीला त्यांनी दोनदा धडक दिली होती. पहिल्यांदा पहिल्याच दिवशीच्या चाळणीत बाहेर, म्हणजे 'स्क्रीन आऊट', दुसऱ्यांदा पाचव्या दिवशी शेवटच्या बैठकीत बाहेर, म्हणजे 'कॉन्फरन्स आऊट'. तिसऱ्या वेळी पलटण वर डोंगरात होती आणि ती खाली उतरेपर्यंत वय निघून गेलं. मेजर होण्याला काय पडतं, हे गावापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

दर जून आणि डिसेंबरात डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीची (आयएमए) पासिंग आऊट परेड झाली की पेपरात ठरलेली बातमी येते. शेतकऱ्याचा मुलगा, शिपाई म्हणून भरती झाला, आज लेफ्टनंट. फोटोत आई एका खांद्यावर, बाप दुसऱ्या खांद्यावर तारे लावतोय. खाली 'जिद्द असावी तर अशी'. मीही ती बातमी शेवटपर्यंत वाचतो आणि मलाही भरून येतं. त्या पोराबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती 'जिद्द' या शब्दाबद्दल. हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न बंद होतात. एकाच लष्करातल्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जायला इतकी जिद्द लागावीच का, हे मग कुणी विचारत नाही. आणि जे पोचले नाहीत त्यांची जिद्द कमी पडली, असा अर्थ आपोआप निघतो. काकांची जिद्द कमी नव्हती. मी त्यांची वही पाहिली आहे.

आधी वाट कशी आहे ते सांगतो, कारण गावात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनाही ती नीट माहीत नसते. शिपायाला अधिकारी व्हायचा मुख्य रस्ता म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेज, सगळे म्हणतात ते 'एसीसी'. बारावी पास, किमान दोन वर्षं नोकरी, वय वीस ते सत्तावीस. लेखी परीक्षा, मग एसएसबीची, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची, पाच दिवसांची मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. निवड झाली की तीन वर्षं एसीसीत पदवी आणि त्यानंतर एक वर्ष आयएमएत. हे कॉलेज १९६० साली मध्य प्रदेशातल्या नौगावला सुरू झालं, १९६४ ते १९७७ या काळात ते आपल्या पुण्यात होतं, मग डेहराडूनला गेलं. वय उलटलेल्यांसाठी 'स्पेशल कमिशन' आणि 'स्पेशल लिस्ट' असे आणखी दोन मार्ग आहेत, एक पस्तिशीपर्यंतचा, दुसरा बेचाळिशीपर्यंतचा. कागदावर वाटा बऱ्याच दिसतात. पण एसीसीच्या एका कोर्समधून काही डझन कॅडेट बाहेर पडतात आणि त्याच आयएमएच्या परेडमध्ये एकूण अधिकारी शेकड्यांनी असतात.

याला जोडून दुसरा आकडा पाहा. २०२३ साली सरकारनं संसदेत सांगितलं की लष्करात, वैद्यकीय आणि दंत विभाग धरून, अधिकाऱ्यांची आठ हजारांच्या आसपास पदं रिकामी आहेत. ही टंचाई आजची नाही, वर्षानुवर्षांची आहे. म्हणजे एकीकडे अधिकारी मिळत नाहीत म्हणून जाहिराती, आणि दुसरीकडे अकरा-बारा लाखांचं मनुष्यबळ, ज्याला थंडी, चढ, गोळी, घरापासूनचं तुटलेपण यातलं काहीच नवीन नाही. विहिरीला पाणी असताना टँकर मागवण्यातला प्रकार.

शिडी अशी मधेच तुटलेली का आहे, याचं उत्तर जुनं आहे. शिवाजी महाराजांच्या पायदळात नाईक, त्याच्यावर हवालदार, त्याच्यावर जुमलेदार, मग हजारी आणि सर्वांवर सरनोबत, अशी एकाला एक जोडलेली पायऱ्यांची रांग होती. त्यातले नाईक आणि हवालदार आजही लष्करात आहेत. इंग्रजांनी शब्द ठेवले आणि शिडी कापली. हिंदुस्थानी माणूस फार तर सुभेदार-मेजर होणार, आणि पंचवीस वर्षं घासलेला तो सुभेदार-मेजर काल बोटीतून उतरलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकणार. त्यांच्या स्वतःच्या देशात तरी काय होतं म्हणा, १८७१ पर्यंत तिथे अधिकारीपद चक्क पैसे मोजून विकत घेता येत असे. त्या सैन्यात १८७७ साली साधा शिपाई म्हणून शिरलेला विल्यम रॉबर्टसन १९२० साली फील्ड मार्शल झाला, याचं आजही कौतुक होतं. कौतुक होतं, कारण असा दुसरा झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर सुभेदारांच्या या वर्गाचं 'व्हाइसरॉयचे' अधिकारी हे नाव जाऊन 'ज्युनिअर कमिशन्ड' अधिकारी हे नाव आलं. पाटी बदलली, मजला तोच राहिला. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार-मेजर ही पदं मानाची आहेत, पलटण खऱ्या अर्थानं तीच चालवतात, आणि काकांच्या खांद्यावरच्या फितीचा आम्हाला अभिमानच आहे. पण या मजल्याला वर सरळ जिना नाही. सातव्या वेतन आयोगानं लष्करी सेवेचा जो खास भत्ता ठरवला तो अधिकाऱ्याला महिना १५,५०० रुपये आणि जवानाला ५,२०० रुपये. अठ्ठावीस वर्षं काढलेला सुभेदार-मेजर त्यात जवानांच्याच रांगेत आहे आणि काल कमिशन मिळालेला बावीस वर्षांचा लेफ्टनंट वरच्या रांगेत. जोखीम दोघांची एकाच डोंगरावर.

तरी इंग्रजांच्याच काळातला एक आकडा आपल्याला लाजवणारा आहे. १९३२ साली आयएमए सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीत चाळीस कॅडेट होते. पंधरा खुल्या परीक्षेतून, दहा संस्थानांच्या फौजांमधून, आणि पंधरा सैन्यातल्या जवानांमधून. या पंधरांची तयारी करून घ्यायला नौगावला १९२९ पासून किचनर कॉलेज चालत होतं. माणेकशा ज्या वर्गात होते त्याच वर्गात शिपाई म्हणून भरती झालेले मोहम्मद मुसाही होते, जे पुढे पाकिस्तानचे सेनापती झाले. इंग्रजांना जवानांची माया होती म्हणून हे झालं, असं मी म्हणत नाही. शहरातल्या शिकलेल्या, सभा-मोर्चांची हवा लागलेल्या पोरांपेक्षा जुन्या सैनिकी घराण्यातली पोरं त्यांना भरवशाची वाटत. हेतू काही असो, चाळिसात पंधरा. आज स्वतंत्र देशाच्या लष्करात तेवढं प्रमाण मागितलं तर लोक आपल्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहतील.

दार कधी उघडतं, हे बघायचं तर रामा राघोबा राणे यांच्याकडे बघावं. कारवारजवळच्या चेंडियाचे, पोलीस शिपायाचा मुलगा. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, शिपाई म्हणून भरती. ब्रह्मदेशच्या मोहिमेत हवालदार. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळालं, आणि चार महिन्यांत, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करायचं काम त्यांच्यावर आलं. सुरुंग, रस्त्यावर पाडलेली झाडं, वरून गोळीबार. जखमी असताना ते रणगाड्याच्या पोटाखाली, त्याच्या चाकांमध्ये आडवे सरपटत पुढे जात राहिले आणि चालकाला दोरीनं खुणा करत राहिले. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले. १९६८ साली निवृत्त झाले तेव्हा ते मेजर होते, गावानं केलेले नव्हे, खरेखुरे.

राण्यांची गोष्ट सांगताना आपण धैर्यावर थांबतो. मला त्यातली तारीख महत्त्वाची वाटते. डिसेंबर १९४७. इंग्रज अधिकारी चालले होते, फाळणीनं लष्कर दुभंगलं होतं, अधिकारी कमी पडत होते, काश्मीरात लढाई पेटली होती. गरज होती म्हणून हवालदारीपासून वर चढलेल्या माणसापर्यंत नजर गेली. त्याच पिढीतले नामदेव जाधव पाहा. अहमदनगर जिल्ह्यातले, एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाणी ओलांडणारे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले. ते हवालदारपदापर्यंत पोचले. शौर्य दाखवलं म्हणजे माणूस अधिकारी व्हायच्या लायकीचा झाला असं होत नाही, हे मान्य. या दोघांत तसं काही मोजायचंही नाही. पण कुणाला वर घ्यायचं हा निर्णय त्या माणसाच्या जिद्दीइतकाच, कधी जास्तच, वरच्यांच्या गरजेवर ठरतो, एवढं तर यातून दिसतंच. मग आठ हजार रिकाम्या खुर्च्या ही गरज नाही तर काय?

आता काकांच्या वहीकडे येतो. दोनशे पानी, काळ्या पुठ्ठ्याची. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी. 'ऑल्दो' म्हणजे 'जरी'. 'रिलक्टंट' म्हणजे 'नको-नको म्हणणारा'. रात्री दहाला बॅरेकमधले दिवे बंद, म्हणून ही वही न्हाणीघराबाहेरच्या बल्बखाली उभ्यानं भरलेली. पहाटे पाचला पीटीचं फॉलिन. दिवसभर गार्ड, फटीग, फायरिंग. अभ्यासाला वेळ मागायचा तर कंपनी कमांडरपर्यंत जावं लागे, आणि मधे चार पायऱ्यांवर चार जण विचारत, "साहेब व्हायचंय काय रे?" त्यात थट्टाही असे आणि थोडी जळजळही.

एसएसबीत साठ शब्द एकामागून एक दाखवतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, त्यात वाक्य लिहायचं. काका सांगत, "शब्द दिसला की मी आधी मराठीत आणायचो, मराठीत वाक्य व्हायचं, मग त्याला इंग्रजीत ढकलायचो. तोवर पुढचा शब्द." हिंदीत का नाही लिहिलं, असं मी विचारलं. म्हणाले, "कच्चा समजतील." समजले असते की नाही हा भाग वेगळा, पण पोरगा तसं धरून चालतो आणि तिथेच हरतो. गंमत अशी की मराठा लाइट इन्फंट्रीत येणारा अधिकारी, मग तो पंजाबी असो की मल्याळी, आपल्या जवानांची मराठी शिकतो. जवानांना नेण्यासाठी मराठी लागते, आणि नेता येतं की नाही हे तपासताना इंग्रजी पुढे येते.

तरी इंग्रजी हा वरचा पापुद्रा आहे. खरी अडचण काकांनीच एकदा सांगितली. मैदानावरच्या गटकामात फळी, दोर आणि ओंडका देऊन काल्पनिक दरी ओलांडायला लावतात. काकांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात ओळखीचं काम. त्यांनी फळी उचलली, बांधली, ओंडका फिरवला, निम्मा गट पार नेला. तोंडातून शब्द नाही. शेजारचा एक पोरगा, हात न लावता, तू इकडे ये, तू तो दोर धर, असं करत होता. तो निवडला गेला. यावर काका चिडलेले नव्हते. "त्याचं बरोबर होतं," म्हणाले. "साहेबानं फळी उचलायची नसते, उचलवून घ्यायची असते. पण मला सहा वर्षं कुणी उचलवून घ्यायला शिकवलंच नव्हतं."

माझा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. जवानाला आपण वर्षानुवर्षं हुकूम येईपर्यंत थांबायला शिकवतो. त्यात चूक नाही, सैन्य त्याशिवाय चालणार नाही. आणि मग एक दिवस त्याला पाच दिवसांसाठी बोलावून विचारतो, सांगितल्याशिवाय तू काय काय करतोस? छातीवर पद नाही, फक्त चेस्ट नंबर. एनडीएला सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या अंगात काय दडलंय ते बघतात, ते ठीक, कारण बघायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. चोवीस वर्षांच्या नाईकाकडे मात्र पाच वर्षांची नोकरी असते. कुठल्या गस्तीत कोण शेवटपर्यंत शुद्धीवर होता, कुणाच्या सेक्शनमध्ये भांडणं होत नाहीत, हे पलटणीला माहीत असतं. ती माहिती त्या पाच दिवसांपुढे फिकी पडते.

म्हणून मी चाळणी सैल करा असं म्हणत नाही. तसं म्हटलं असतं तर काकाच पहिले उठून गेले असते. सवलतीनं आलेला साहेब पलटण दोन दिवसांत ओळखते, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं चाळणीच्या आधीच्या कामाबद्दल आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच होतकरू पोरं हेरावीत. त्यांना चार-चार जणांची छोटी कामं द्यावीत, चुकू द्यावं. आर्मी एज्युकेशन कोअर कशासाठी आहे? युनिटमधल्या शिक्षण हवालदारानं आठवड्यातून चार तास हे काम केलं तरी न्हाणीघराच्या बल्बखाली उभं राहावं लागणार नाही. एसीसीला बसणाऱ्याला दोन महिने तयारीसाठी मोकळे मिळावेत, आणि ते कंपनी कमांडरच्या मर्जीवर नसावेत, नियमात असावेत. पलटण सीमेवर असल्यामुळे ज्याची संधी गेली त्याला वयात तेवढी सूट हवी. देशासाठी डोंगरात बसल्याबद्दल उमेदवारी रद्द होणं हा कसला न्याय? इस्राएलमध्ये तर बहुतेक अधिकारी आधी साधे सैनिक असतात आणि त्यांच्यातूनच वर घेतले जातात. तितकं नको, आपलं लष्कर वेगळं, आपले प्रश्न वेगळे. पण जमत नाही हे खोटं आहे, एवढं तरी त्यातून कळतं.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, वयाचा. कारगिलनंतर पलटणीचे कमांडर तरुण असावेत म्हणून बढत्यांच्या पायऱ्या बदलल्या. तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल होता येतं. जो एकतिसाव्या वर्षी कमिशन घेतो तो तिथे पोचतो तेव्हा चव्वेचाळीसचा असतो. वर जनरलपर्यंतचं गणित त्याच्यासाठी जवळपास मिटलेलं असतं. हे खरं आहे आणि ते सांगूनच त्याला घ्यावं. पण लष्कराला तूट जनरलांची नाही. ती लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर यांची आहे, जे जवानांच्या बरोबर चढतात. तिथे तिशीतला, बॅरेकमध्ये सात वर्षं झोपलेला, लंगरची रांग आणि सुट्टीचा अर्ज दोन्ही भोगलेला माणूस कमी पडेल असं मला वाटत नाही. उलट जवान कधी खोटं बोलतोय आणि कधी खरंच घरी आग लागली आहे, हे त्याला आवाजावरून कळेल.

अग्निपथ आल्यापासून हा प्रश्न घाईचा झाला आहे. मूळ नियमानं साडेसतरा ते एकवीस या वयात भरती, चार वर्षं नोकरी, त्यातले फार तर पंचवीस टक्के कायम. एकविसाव्या वर्षी आलेला पोरगा कायम होतो तेव्हा पंचविशीत असतो, एसीसीला हातात दोन वर्षं. उरलेले किमान पंचाहत्तर टक्के बाहेर. पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून मोकळी होऊ लागेल. त्यांच्यातले कितीक नोकरीत असतानाच पदवीचा अभ्यास करत आहेत, आणि पदवीधरांना अधिकारी होण्यासाठी असलेल्या सीडीएसच्या परीक्षेची वयाची अट आयएमएसाठी चोवीस, ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी (ओटीए) पंचवीस. चार वर्षं सरकारनंच घडवलेला, तपासलेला पोरगा दारातून बाहेर जातोय, आणि त्याच दारावर 'अधिकारी पाहिजेत' अशी पाटी. बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला सीडीएससाठी चार वर्षांची वयसूट द्यावी. त्यानं दिलेल्या वर्षांइतकीच. यात सरकारचा एक रुपयाही जात नाही.

आमच्या शेजारचा एक पोरगा अग्निवीर आहे. सुट्टीवर आला की गाव त्यालाही 'मेजर' म्हणतं. गेल्या सुट्टीत तो काकांकडून ती वही घेऊन गेला. रविवारी दुपारी मोबाइल हातात मिळाला की आईशी पाच मिनिटं बोलतो आणि मग काकांना फोन लावतो. परवा मी तिथेच होतो. एका शब्दापुढचा अर्थ पाण्यानं पुसला गेलाय म्हणाला, 'इनिशिएटिव्ह'.

काकांनी फोन कानापासून जरा लांब धरला, थोडा विचार केला. "इनिशिएटिव्ह म्हणजे कुणी सांगायच्या आधी आपण होऊन करणं," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "पण सध्या युनिटमध्ये आहेस. हवालदाराला विचारून कर."